केनांगा खोलीचं पान

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. सेमारांगची बस वोनोसोबोच्या चढणीला लागली तशा काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या. ड्रायव्हर मात्र एका हातानं सिगरेट ओढत, मागे वळून गप्पा मारत होता. स्टँडवर गेस्टहाऊसचे जुने गडी पाक जुमादी मोटरसायकल घेऊन उभे. माझी बॅग, लॅपटॉप आणि मी अशी तिन्ही ओझी त्यांनी नीट न्याहाळली आणि ताई म्हणावं तसं आदरानं म्हणाले, "म्बाक, गाडी म्हातारी आहे. चढावर उतरून ढकलावं लागेल." मला वाटलं गंमत करताहेत. खरंच ढकलावं लागलं.

विस्मा सेरुनी, म्हणजे ते गेस्टहाऊस, फोटोत दिसतं त्याहून देखणं आहे. एकमजली लांबट घर, पुढे ओसरी, मागे बटाट्याचे वाफे आणि त्यापलीकडे डोंगराचा उतार. मालकीणबाई बू मार्सिह दारातच होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्या माणसाकडे जरा बाजूला मान करून बघतात. "ये गं न्दुक," म्हणाल्या आणि माझा हात धरून सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मला लेकीसारखं न्दुक म्हणून कुणी हाक मारली त्याला किती वर्षं झाली. वाडगाभर ओंगक्लोक शेवया आणि सोयाबीनची गरम भजी, तेंपे केमुल, खाल्ल्यावर प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला.

काम सोपं आहे. यांची जुनी वेबसाइट ज्या कंपनीकडे आहे ती लवकरच गाशा गुंडाळणार. मी नवी बनवायची आणि जुनं सगळं तिच्यात आणून ठेवायचं. तोवर राहणं-खाणं इथेच. माझी खोली मेलाती, ओसरीच्या टोकाची. पलंगावर जाड गोधडी, खिडकीतून मोकळं आकाश. शहरातल्या त्या कोंदट ऑफिसात मी एवढे दिवस काय करत होते कोण जाणे.

४ नोव्हेंबर

सकाळी सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. पाक जुमादी पुढे पुढे जाऊन चादरी ताठ करत होते आणि प्रत्येक खोलीचा एकेक किस्सा ऐकवत होते. अंग्रेक खोलीतलं नवं जोडपं पहाटे भांडून वेगवेगळ्या बसनी गेलं म्हणे.

जेवताना बू मार्सिहनी विचारलं, तू नक्की करतेस तरी काय. मी सांगितलं, की मी मोकळा साचा बनवते. वर फोटोची जागा, खाली खोलीचं नाव, मग वर्णन, मग भाडं, खोली रिकामी आहे की नाही. खोल्यांची माहिती दुसरीकडे साठवलेली असते, ती साच्याला जोडून दिली की प्रत्येक खोलीचं पान आपोआप उभं राहतं. माहिती बदलली की पान बदलतं, मला पुन्हा हात लावावा लागत नाही. पाक जुमादी म्हणाले, म्हणजे भांडी म्बाकची आणि भाजी आमची. मला हसू आलं. बू मार्सिह हसल्या नाहीत. जुन्या भांड्यातलं सगळं नव्यात येईल ना, सांडणार नाही ना काही, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, थेंबही सांडणार नाही.

संध्याकाळी जुनी माहिती उघडली. घरात खोल्या सात, नोंदी मात्र आठ. आठवीचं नाव केनांगा. बंद केलेली खोली असेल. ती सोडून बाकीच्या नव्या जागी आणल्या.

६ नोव्हेंबर

साचा झकास जमला आहे. हिरवा रंग घेतलाय, बटाट्याच्या पाल्याचा.

एक गोष्ट मात्र कळत नाही. मी न आणलेली केनांगा नव्या यादीत आली आहे. काल काढून टाकली, आज सकाळी परत हजर. नोंदीखाली शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव लारास. जुनी साइट या लारासनं बनवली होती, तिचं खातं अजून चालू असणार. वर्णन छोटंसं आहे: "डोंगराकडची खोली. दुपारी उन्हं थेट पलंगावर येतात. ज्यांना शांतता हवी त्यांच्यासाठी." फोटोही छान आहे, कुणीतरी मन लावून काढलेला.

दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, केनांगा खोली आता नाही ना, मग काढून टाकते. बू मार्सिहच्या हातातला घास तसाच राहिला. ती राहू दे, एवढंच बोलल्या. रात्री जेवायला आल्या नाहीत. पाक जुमादींनी ताट झाकून त्यांच्या खोलीत नेलं आणि तसंच परत आणलं.

७ नोव्हेंबर

पाक जुमादींनी सकाळी मला वाफ्यांपलीकडे नेलं. तिथे उताराला एक मोठा खड्डेवजा घाव आहे, त्यावर आता गवत वाढलं आहे. केनांगा इथे होती म्हणाले. घरापासून जरा सुटी, नवीकोरी. लारास ही बू मार्सिहची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती वेबसाइटसाठी खोलीचे फोटो काढायला गेली आणि वरचा सगळा उतार खाली आला. फोटो तिच्या फोनवरून घरातल्या तिच्या लॅपटॉपवर पोचले होते. ती सापडली नाही. गावानं कितीतरी दिवस खणलं, मग वरून पुन्हा माती सुटायला लागली आणि थांबावं लागलं.

"उन्हं आहेत तोवर फोटो काढून घे, असं इबूंनीच, तिच्या आईनंच, तिला सांगितलं होतं," एवढं बोलून पाक जुमादी उताराकडे पाठ करून चालायला लागले.

मला फार वाईट वाटलं. म्हातारीला लेकीचं शेवटचं पान हवं आहे, तर मी कोण काढणार. उलट आज दिवसभर बसून ते पान सगळ्यांत सुंदर केलं. संध्याकाळी त्यांना तसं सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

९ नोव्हेंबर

आता माझ्या गळ्यात एक नवं काम पडलं आहे. दुपारचं जेवण झालं की बू मार्सिहना केनांगाचं पान वाचून दाखवायचं. आधी हे काम पाक जुमादींकडे होतं, लारासच्या लॅपटॉपवरून. हल्ली त्यांचा घसा धरतो म्हणे.

आज वाचायला घेतलं आणि अडखळले. वर्णन बदललं आहे. "डोंगराकडची खोली. उन्हं आता येत नाहीत. खिडकी उघडत नाही." मी थांबले तर बू मार्सिह म्हणाल्या, वाच न्दुक, आहे तसं वाच.

मी वाचलं. त्या मान हलवत ऐकत होत्या, फोनवर लांबच्या माणसाचं बोलणं ऐकावं तशा.

नंतर स्वयंपाकघरात पाक जुमादींना गाठलं. म्हटलं, लिहितं कोण हे, तुम्ही की त्या. ते भांडी घासत राहिले. म्हणाले, त्यांना दिसत नाही आणि मला टंकता येत नाही, म्बाक. तुम्हीच काय तो हिशेब लावा.

कुणीतरी बाहेरून खोड्या काढत असणार. लारासचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला असेल. इतकी नीच माणसं असतात.

१० नोव्हेंबर

लारासचं खातं बंद केलं. माझा पासवर्ड बदलला. आता या साइटला हात लावू शकेल अशी एकटी मीच.

आज वर्णनात फार काही नव्हतं. भिंती ओल्या आहेत, अंथरूण सुकत नाही, एवढंच. बू मार्सिहनी मला उत्तर लिहायला सांगितलं. पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी मी एक रकाना ठेवला आहे, त्यात. "लोकरीचा स्वेटर कपाटात खालच्या खणात आहे." मी टंकलं. काय करणार होते? त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की नाही म्हणवलं नाही.

११ नोव्हेंबर

वर्णन बदललं. "स्वेटर खणात नाही इबू, तू तो जुमादीच्या भाचीला दिलास."

बू मार्सिह खळखळून हसल्या. खरंच की गं, विसरलेच मी, म्हणाल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

नोंदीखाली शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव: वेनिंग. म्हणजे मी. वेळ दुपारची, मी पाक जुमादींसोबत स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते तेव्हाची. लॅपटॉप माझ्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

पाक जुमादींना स्वेटरचं विचारलं. त्यांनी मान खाली घातली. दिला होता म्हणाले. त्या पोरीनं एकदाही घातला नाही.

१३ नोव्हेंबर

मी निघून जायला हवं. काल बॅग भरली होती. बू मार्सिहनी माझ्यासाठी कारिकाच्या, त्या डोंगरी पपईच्या, फोडी साखरेच्या पाकात करून ठेवल्यात, बरणीवर हात फिरवत बसल्या होत्या. बॅग परत रिकामी केली.

आजचं वर्णन: "एकटीला नको वाटतं. दुसरी गादी घातली आहे. इबू, तू ये ना." फोटोही बदलला आहे. पलंगाशेजारी जमिनीवर अंथरूण, त्यावर एक उशी. आणि केनांगापुढे इतके दिवस 'बंद' असं होतं, तिथे आता 'रिकामी आहे'.

बू मार्सिहनी सगळं ऐकलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, माझ्या नावानं ती खोली राखून ठेव बघू. मी काहीबाही सांगून टाळलं. संध्याकाळी त्या दिसेनात. पाक जुमादींना उताराच्या कडेला सापडल्या. अनवाणी, हातात उशी.

१४ नोव्हेंबर

पाक जुमादी आज पहिल्यांदा नीट बोलले. पहिल्यापासून असंच चालत आलंय म्हणाले, पण आजवर तिनं बोलावलं नव्हतं. जुनी साइट बंद पडली की हेही थांबेल अशी त्यांना आशा होती. मी नवं घर बांधून दिलं. असं म्हणून लगेच म्हणाले, तुमचा दोष नाही म्बाक, तुम्हाला कोण सांगणार होतं. पण आता ते पान पुसा. उद्या मी झोपलेलो असताना त्या गेल्या तर?

पुसलं. केनांगाची नोंद, फोटो, अभिप्राय, सगळं. खात्री आहे का असं यंत्रानं विचारलं. हो म्हटलं.

जेवण झालं आणि बू मार्सिह खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसल्या. वाच.

समोर नुसता रिकामा साचा. नाव नाही, फोटो नाही, कोरे रकाने. आणि त्या तशा मान कलती करून, हात मांडीवर ठेवून वाट बघताहेत. मला खरं सांगवलं नाही. मनानंच वाचायला लागले. "इबू, मी आता बरी आहे. ओल गेली. तू इकडे येऊ नकोस, रस्ता वाईट आहे. मीच येते तुला भेटायला."

कशासाठी म्हटलं मी ते शेवटचं? त्या उताराकडे जाऊ नयेत म्हणून. एवढ्याचसाठी.

कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लवकरच.

१५ नोव्हेंबर

केनांगा परत आली आहे.

"इबू, मी आता बरी आहे. ओल गेली. तू इकडे येऊ नकोस, रस्ता वाईट आहे. मीच येते तुला भेटायला. लवकरच."

माझेच शब्द. मी ते कुठेही लिहिले नव्हते, या वहीत सोडून. फोटोत पलंग रिकामा आहे. पांघरूण एका बाजूला लोटलेलं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

पाक जुमादींना दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "दोन वर्षं मी वाचून दाखवलं, म्बाक. जे होतं ते. माझ्या पदरचं एक अक्षर कधी घातलं नाही. भीती वाटायची म्हणूनच घातलं नाही."

आम्ही दोघांनी मिळून बू मार्सिहना विनवलं, की खाली गारुंगला पाक जुमादींच्या बहिणीकडे जाऊ, चार दिवस राहू. लेक घरी येणार आणि मी दाराला कुलूप लावून जाऊ? असं म्हणून त्या कोवळा फणस चिरायला बसल्या. लारासची आवडती भाजी.

पाक जुमादी मशिदीत दुआ-दफनाचं बघणाऱ्या मोदिनना आणायला गेलेत. मला चला म्हणाले. म्हातारीला एकटं टाकून कशी जाऊ?

१६ नोव्हेंबर

पाक जुमादी आलेले नाहीत. धुकं एवढं की ओसरीचा खांब दिसत नाही.

ओसरीवर माती. ओली, लाल. अनवाणी पायांचे ठसे, वाफ्यांकडून घरात आलेले. बाहेर जाणारे नाहीत.

मी पुसले.

— दुपारी —

स्वयंपाकघरात बू मार्सिह कुणाशी तरी बोलत होत्या. हळू आवाजात, लाडानं. मी आत गेले. ताटं तीन. एक खुर्ची मागे ओढलेली, बैठक ओली. कुणी नाही. निदान मला कुणी दिसलं नाही.

बस गं न्दुक, म्हणाल्या. मी बसले. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला — कपाळ, गाल, हनुवटी. "तू उबदार आहेस. तू सेमारांगची," म्हणाल्या. मग ओल्या खुर्चीकडे हात नेला, हवेत थांबवला, आणि तसाच प्रेमानं फिरवला. "आणि ही माझी."

त्या फसलेल्या नाहीत. त्यांना सगळं कळतंय.

मी उठले तर त्यांनी माझं मनगट धरलं. रडत होत्या. ती म्हणते, पान रिकामं राहत नाही, असं म्हणाल्या. ती वर आली की तिच्या जागी कुणीतरी लागतं. मी जाते म्हटलं तर ऐकत नाही, तुझ्याचसाठी आले म्हणते. न्दुक, मला क्षमा कर.

हात सोडवून खोलीत आले. बॅग घेते आणि चालत निघते. धुकं असलं तरी रस्ता एकच

१७ नोव्हेंबर, बहुतेक

दार लावून बॅग भरली. पडदा सारला, बाहेर बघावं म्हणून —

काचेला माती आहे. वरपासून खालपर्यंत. मुळं. एक गांडूळ काचेवरून सरकलं.

दार उघडलं. दारातही माती. भिंतीसारखी.

ओरडले. आवाज खोलीतच राहतो.

—

लॅपटॉप चालतो आहे. एकच पान उघडतं. केनांगा. वर्णनाच्या रकान्यात मी या वहीत जे लिहिते ते उमटतंय. अक्षर न् अक्षर. टंकत नाही मी. हात कीबोर्डवर नाही.

म्हणजे वरती टेबलावर लारासच्या लॅपटॉपवर कुणी उघडलं तर दिसेल. दिसायलाच हवं.

—

वरून आवाज येतात. भांड्यांचे. खुर्ची ओढल्याचा. जेवण झालं असेल. आता वाचायची वेळ.

बू मार्सिह, मी वेनिंग. मी जिवंत आहे. मी केनांगात आहे, मातीखाली. लोकांना बोलवा, उताराकडून खणायला सांगा

ती वाचते आहे. तरुण आवाज आहे, घसा ओला असल्यासारखा. लारास. "सेमारांगला सुखरूप पोचले. इबू, तुमच्या हातच्या कारिकाची आठवण येते."

मी हे लिहिलं नाही. मी हे

बू मार्सिह थोड्या वेळानं म्हणाल्या, बरं झालं बाई. पोचली.

पुन्हा लिहिते. पोचले नाही. बू मार्सिह पोचले नाही

"आईला भेटले. घरी सगळे मजेत."

मग त्यांनी विचारलं, आणखी काय म्हणते. आवाज हलत होता त्यांचा. त्यांना ऐकायचंच आहे ते. मीही असंच तर

—

श्वास जड होतोय. दिवा अजून आहे.

मोटरसायकल. डोक्यावरून आली, थांबली. पाक जुमादी. दुसरंही कुणीतरी आहे, मोदिन असतील. म्बाक कुठे आहेत, असं विचारताहेत.

सेमारांगला गेली, बू मार्सिह सांगतात. निरोप आलाय. वाच गं न्दुक, यांना वाचून दाखव.

ती वाचते आहे.

पाक जुमादींची पावलं. टेबलाकडे येताहेत. खुर्चीशी थांबले.

पाक जुमादी, तिचं ऐकू नका. स्वतः वाचा. जे लिहिलंय तेच वाचा, तुम्ही पदरचं काही घालत नाही. मी तुमच्या पायाखाली आहे. मोठ्यानं वाचा म्हणजे मोदिनही ऐकतील, वाफ्यांपलीकडे, जिथे तुम्ही मला त्या दिवशी उभं केलं होतं, तिथून चार हात खाली मी